पेपर परत येतो तो इंग्रजीमुळे नव्हे

वैद्यकीय महाविद्यालयांत सध्या एका कार्यशाळेचं पीक आलं आहे. नाव जागोजागी थोडं बदलतं, आतला माल तोच: पेपर लिहावा कसा आणि छापून आणावा कसा. सकाळी दीपप्रज्वलन, नंतर बाहेरून बोलावलेल्या पाहुण्यांचं व्याख्यान, आणि त्यात हटकून येणारं एक वाक्य. ‘आपल्याकडे संशोधनाला तोटा नाही हो, आपण मांडण्यात कमी पडतो.’ टाळ्या पडतात. मग पुढचा दिवस त्या वाक्याच्या आधारावर चालतो. आपल्या मुलांचं इंग्रजी कच्चं, परदेशी संपादकांच्या मनात आपल्याविषयी अढी, म्हणून चांगले पेपर साभार परत येतात. तेव्हा भाषा एखाद्या एजन्सीकडून तपासून घ्या, कव्हर लेटर झकास लिहा, जर्नलचा फॉरमॅट पाळा, संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने लावा, की काम फत्ते.

हे सगळं मला अमान्य आहे, आणि सौम्य शब्दांत अमान्य आहे असंही नाही. हे वाक्य खोटं आहे म्हणून जितका राग येतो, त्याहून जास्त ते सोयीचं आहे म्हणून येतो. गाईडला ते सोयीचं, कारण सिनॉप्सिसवर न वाचता सही केल्याचा विषय निघत नाही. विभागप्रमुखांना सोयीचं, कारण नाव कुठे लावलं एवढंच पाहायचं उरतं. रेसिडेंटला सोयीचं, कारण तीन वर्षं जे झालं ते झालं, आता पंधरा दिवसांत भाषा सुधारली की सुटका. शब्दागणिक पैसे घेणाऱ्या एजन्सीला तर ते सोयीचं आहेच. सगळ्यांची सोय बघणारं निदान बहुधा चुकीचं असतं, हे डॉक्टरांना वेगळं सांगायला नको.

आकडेवारी हा माझा विषय, आणि जर्नल्ससाठी पेपर तपासताना तक्ते आधी वाचायची मला खोड आहे. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एक पेपर सांगतो. शस्त्रक्रियेनंतर जखम शिवण्याच्या दोन पद्धती, एक जुनी, एक नवी. प्रत्येक गटात 30 रुग्ण. जुन्या पद्धतीत 5 जणांच्या जखमेत पू झाला, नव्या पद्धतीत 3 जणांच्या. पी व्हॅल्यू 0.7 च्या आसपास, म्हणून निष्कर्ष: दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित, नवी स्वस्त, तेव्हा तीच वापरावी. इंग्रजी विचाराल तर निर्दोष. सोबत भाषा तपासल्याचं एजन्सीचं प्रमाणपत्रही जोडलेलं.

आता त्या निष्कर्षाकडे जरा थांबून बघा. 30 पैकी 5 म्हणजे साधारण 17 टक्के, 30 पैकी 3 म्हणजे 10 टक्के. फरक पावणेसात टक्क्यांचा. एवढ्या थोड्या रुग्णांवर या फरकाचा 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो एका टोकाला नवी पद्धत 24 टक्क्यांनी चांगली असं म्हणतो, आणि दुसऱ्या टोकाला 10 टक्क्यांनी वाईट. म्हणजे या अभ्यासातून काहीच कळलेलं नाही. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखकाने पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारली. पावणेसात टक्क्यांचा फरक खरोखर पकडायचा असेल तर नेहमीच्या हिशेबाने प्रत्येक गटात 400 च्या घरात रुग्ण लागतात. इथे 30 का? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: आधीच्या बॅचनेही तीसच घेतले होते.

पुढे वाचत गेलो. रुग्णांची विभागणी ‘रँडम’ केली म्हणे. कशी, तर सम तारखेला आलेल्यांना जुनी पद्धत, विषम तारखेला आलेल्यांना नवी. म्हणजे उद्या कुठली पद्धत करायची हे सर्जनला आजच ठाऊक. अवघड केस एक दिवस पुढे ढकलली की आकडे हवे तसे वळतात, आणि तसं कुणी केलं नसेलही, पण केलं नाही हे सिद्ध करायची सोय राहत नाही. पद्धतींच्या विभागात रुग्ण 60, तिसऱ्या तक्त्यात बेरीज 57. तिघं कुठे गेले याचा पत्ता नाही. रुग्णालयातला मुक्काम लिहिला होता 5.2 अधिक-उणे 6.8 दिवस. हा आकडा शब्दशः घेतला तर काही रुग्ण भरती होण्याच्या दीड दिवस आधीच घरी गेले असं होतं. मुक्कामाचे दिवस एका बाजूला लांब शेपटी असलेले असतात, दोन-तीन रुग्ण महिनाभर राहिले की सरासरी फुगते. तिथे मीडियन द्यायचा असतो. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नंबर नव्हताच. आणि पी व्हॅल्यूच्या रकान्यात एका ठिकाणी 0.000, सॉफ्टवेअरने छापला तसा उचललेला, जणू शक्यता अगदीच शून्य.

यातली एक तरी गोष्ट इंग्रजीची आहे का? भाषेच्या एजन्सीने आपलं काम चोख केलं होतं. 57 च्या जागी 60 का नाहीत, हे विचारणं तिचं काम नव्हे. आणि यातला मुक्कामाचा आकडा नि तो 0.000 सोडला तर बाकीचं काही लिहिताना दुरुस्त होण्यासारखंही नव्हतं. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. 1 एप्रिल 2018 पासून आपल्या रजिस्ट्रीने मागाहून नोंदणी घेणं बंद केलं. मोठ्या जर्नल्सच्या संपादकांनी तर 2005 पासूनच नोंदणीशिवाय ट्रायल छापायची नाही असं ठरवलंय. गट ठरवणाऱ्या चिठ्ठ्या बंद पाकिटात ठेवायच्या होत्या त्या पहिल्या दिवशी. रुग्णसंख्येचा हिशेब करायचा होता तो सिनॉप्सिसच्या वेळी. हा पेपर ज्या दिवशी सबमिट झाला त्याच्या दोन वर्षं आधीच रिजेक्ट झाला होता, कळवणारी ईमेल तेवढी उशिरा आली.

‘पण परदेशी जर्नल्सना आपलं काम दिसतच नाही’ हा दुसरा मुद्दा. तो मांडणाऱ्यांनी एकदा महाडला जाऊन यावं. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते, तेव्हा कोकणातला लाल विंचू चावून धडधाकट माणसं नि लहान पोरं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. पुस्तकांत या विंचवाविषयी फारसं काही नव्हतं. त्यांनी रुग्णाशेजारी बसून लक्षणांचा क्रम टिपला: घाम, उलट्या, थंडगार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब, मग हृदयाचं कोलमडणं. ते निरीक्षण 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग सांगणारा त्यांचा आणि प्रमोदिनी बावस्करांचा लेख तिथेच 1986 साली. ना विद्यापीठ, ना संशोधनाचा विभाग, ना एजन्सी.

त्यांच्याच 2011 सालच्या ‘बीएमजे’मधल्या पेपरकडे मात्र मला जास्त लक्ष वेधायचंय, कारण वर सांगितलेल्या जखमेच्या पेपरशी त्याची तुलना थेट होते. प्राझोसिन तर आहेच, पण सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर आणखी फायदा होतो का, हा प्रश्न. रुग्ण किती? फक्त 70. प्रत्येक गटात 35, म्हणजे आपल्या जखमेच्या पेपरपेक्षा पाचच जास्त. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्या गटात 35 पैकी 32, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या गटात 35 पैकी 8. एवढा फरक असेल तर 70 माणसं पुरतात. रुग्णसंख्या थोडी की जास्त हा प्रश्नच चुकीचा. तुम्ही जो फरक शोधताय त्याच्या मानाने ती पुरेशी आहे का, एवढंच संपादक बघतो. आणखी एक गोष्ट बघा. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कुठलं औषध दिलं हे ठाऊक होतं, ही त्या अभ्यासाची उणीव. ती त्यांनी कुठे दडवली? शीर्षकातच लिहिलं: ओपन लेबल. आपल्याकडच्या पेपरांत मर्यादांचा परिच्छेद शेवटून दुसरा, चार ओळींचा आणि ‘अधिक मोठ्या अभ्यासाची गरज आहे’ या वाक्याने झाकलेला असतो.

गडचिरोलीचं उदाहरण याहून ठसठशीत. राणी बंग आणि अभय बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ने छापला, तो दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा होता. दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या नाहीत, गावातल्या बायका मोजल्या, आणि त्यातल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार निघाला. दवाखान्यात बसून हा आकडा जन्मात मिळाला नसता. पुढे 1999 साली घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा अभ्यास आला: 39 गावांत उपाय, 47 गावांत नेहमीची व्यवस्था, आणि नवजात मृत्यूंत सुमारे 62 टक्क्यांची घट. बाळाचं वजन, श्वास, ताप यांच्या नोंदी कुणी ठेवल्या? गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या आरोग्यदूत बायांनी. नोंद मराठीत झाली, झाडीपट्टीच्या बोलण्यात झाली, आणि लंडनच्या संपादकाला ती चालली, कारण प्रत्येक जन्म नि प्रत्येक मृत्यू हिशेबात होता. आपल्याकडच्या टर्शरी रुग्णालयात फायलीतून तीन रुग्ण गायब होतात, आणि खापर फुटतं ते प्रेपोझिशनवर.

यावर लगेच ऐकू येतं: ती मोठी माणसं, त्यांची गोष्ट वेगळी. मला हा मोठेपणा देणं म्हणजे पळवाट वाटते. बावस्करांपाशी जे होतं ते प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरपाशी असतं: एकाच आजाराचे पुन्हा पुन्हा येणारे रुग्ण, आणि त्या आजाराविषयी पुस्तकात नसलेला एखादा प्रश्न. कमी असतो तो प्रश्न विचारण्याचा हट्ट. ‘अमुक रुग्णालयात आलेल्या तमुक आजाराच्या रुग्णांचा क्लिनिकल प्रोफाईल’ या साच्याचे थिसिस दरवर्षी कपाटात जातात. त्यांना प्रश्नच नसतो. प्रश्न नसलेल्या पेपरला कुठलंही इंग्रजी उत्तर देऊ शकत नाही.

अढीचा मुद्दा मात्र मी सरसकट झटकत नाही. अढी असते. पत्ता पाहून पेपर वाचणारे रिव्ह्यूअर असतात. पैशाचा अडसर तर उघडच आहे: ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सची लेखकाकडून घेतली जाणारी फी एखाद्या रेसिडेंटच्या काही महिन्यांच्या विद्यावेतनाएवढी होते, आणि सर्वांत गरीब देशांना मिळणारी सरसकट माफी भारताला मिळत नाही. वाचायला जर्नल मिळणं हीही अडचण. 2025 च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी संस्थांसाठी ती बरीच सुटली; खासगी महाविद्यालयांचं काय, हा प्रश्न राहिलाच. हे सगळं मान्य. पण मग मला एक सांगा. परळच्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून 1955 पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघतं. लेखकाकडून ते फी घेत नाही. संपादक आपलेच, त्यांनाही आपल्यासारखंच इंग्रजी शिकावं लागलेलं, आणि सार्वजनिक रुग्णालयाची ओपीडी त्यांना आतून ठाऊक. तरी तिथूनही पेपर परत येतात. परळच्या संपादकाची मराठी मुलुखाविषयी कसली अढी?

भाषेला आणि मांडणीला भुलणारी जर्नल्स आहेत, नाहीत असं नाही. ती कुठली, हे जॉन बोहॅनन या पत्रकाराने 2013 साली ‘सायन्स’साठी दाखवून दिलं. त्याने दगडफुलासारख्या लायकेनमधल्या रेणूने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते असा एक बनावट पेपर रचला, त्यात शाळकरी म्हणाव्यात अशा शास्त्रीय चुका मुद्दाम पेरल्या, आणि त्याच्या थोड्याफार बदललेल्या प्रती 304 ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सना पाठवल्या. इंग्रजीचंही त्याने काय केलं बघा: मजकूर यंत्राकडून फ्रेंचमध्ये नेला, पुन्हा इंग्रजीत आणला, ढोबळ चुका काढल्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्याने लिहिल्यासारखा वाटावा. लेख छापून येईपर्यंत 157 जर्नल्सनी तो पेपर स्वीकारला होता, 98 नी नाकारला होता. ज्यांनी परीक्षणाचा काही तरी देखावा केला, त्यांतल्या बहुतेकांच्या सूचना होत्या मांडणी, फॉरमॅट आणि भाषा यांच्याविषयी. शास्त्रात काही घोटाळा आहे हे ओळखणारे शेरे 304 पैकी फक्त 36 ठिकाणांहून आले. आणि आपल्या मनाला लागणारा आकडा: यादीतली सुमारे एक तृतीयांश जर्नल्स भारतातली होती, त्यांतल्या 64 नी पेपर घेतला, 15 नी नाकारला.

म्हणजे आपल्या कार्यशाळांत जे शिकवतात ना, भाषा नीट करा, फॉरमॅट पाळा, त्याला तंतोतंत प्रतिसाद देणारा संपादक अस्तित्वात आहे. तो पैसे घेऊन चार दिवसांत स्वीकृतीपत्र पाठवतो. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाला 2019 साली अमेरिकेतल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली ती अशाच भुलवणीच्या धंद्यापायी. त्यांच्या ईमेलचं इंग्रजी, खरं सांगतो, फार काही चांगलं नसायचं. नमस्कार मात्र भरपूर.

भाषेच्या या वेडाचं आणखी एक अपत्य म्हणजे टक्का. प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरचा टक्का. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, त्यामुळे सगळी शक्ती तो आकडा दहाच्या खाली आणण्यात खर्च होते. कार्यशाळेत दुपारचं सत्र याच विषयावर असतं आणि ते सर्वांत जास्त भरतं. मग रक्तदाब मोजायची पद्धत, जी शंभर पेपरांत सारखीच लिहिलेली असायला हवी, तीसुद्धा शब्द फिरवून लिहायची. शब्द फिरवणारी सॉफ्टवेअर आली तेव्हा याचं हसं झालं. गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली छापील पेपरांतून असे पिळवटलेले शब्दप्रयोग शोधून काढले. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं झालं होतं ‘बुझम पेरिल’. छातीवरचं संकट! लेखकाने, रिव्ह्यूअरने, संपादकाने, कुणीच ते वाचलं नव्हतं, आणि टक्का मात्र बहुधा सुरेख आला असणार.

आता तर चॅटजीपीटी आलंय. निर्दोष इंग्रजी फुकट, पाच मिनिटांत, रात्री दोन वाजताही. वापरायला माझी हरकत नाही; वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 साली नियम सांगितला की यंत्राचं नाव लेखकांत लावायचं नाही आणि वापर केला तर तो सांगायचा. हे पाळा आणि खुशाल वापरा. पण मग ‘मांडण्यात कमी पडतो’वाल्यांची अडचण अशी की त्यांची सबब आता उरलेली नाही. मांडणं सगळ्यांचंच सारखं गुळगुळीत झालं. संपादकाच्या टेबलावर एका सुरात बोलणाऱ्या पेपरांचा ढीग पडणार, आणि तो निवड करणार ती तक्त्यांवरून, नोंदणीच्या तारखेवरून, मूळ डेटा मागितला तर मिळतो का यावरून. माझ्या मते तर सफाईदार इंग्रजी दिसलं की रिव्ह्यूअर यापुढे जरा सावरूनच बसेल.

सक्तीविषयी एक-दोन शब्द. ‘डॉक्टरचं काम रुग्ण बघणं, पेपरची सक्तीच काढा’ असं म्हणणारे मला मांडणीवाल्यांपेक्षा प्रामाणिक वाटतात. सक्तीने काय साधलं हे दिसतंच आहे. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी 2005 ते 2014 या दहा वर्षांचा हिशेब 2016 साली मांडला: देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही पेपर नाही, आणि जेमतेम 25 संस्थांच्या नावावर एकूण पेपरांचा चाळीस टक्के वाटा. पदव्युत्तर परीक्षेला बसण्यासाठी पेपर प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला किंवा ‘पाठवलेला’ असला तरी चालेल अशी अट वर्षानुवर्षं होती; पाठवल्याची पावती हीच मग संशोधनाची सीमा ठरली. बढतीसाठी मेडिकल कौन्सिलच्या 2015 च्या परिपत्रकाने पहिल्या दोन लेखकांनाच गुण दिले, आणि त्या दोन जागांसाठी विभागाविभागांत काय चाललं ते सांगायला नको. पुढे नियम बदलले, नावांच्या क्रमावरची भांडणं मात्र राहिली. तेव्हा सक्ती काढा, माझी हरकत नाही. पण सक्ती आहे तोवर ती भाषेच्या दुकानात नेऊन पुरी करू नका.

मग तयारी म्हणजे काय? मी जिला तयारी म्हणतो ती पहिल्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत होते, आणि तेव्हा पेपर हा शब्दही कुणाच्या तोंडी नसतो. आधी प्रश्न एका वाक्यात लिहायचा, असा की त्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा असेल. मग रिकामे तक्ते आखायचे. हे मी प्रत्येक रेसिडेंटला करायला लावतो आणि प्रत्येक जण सुरुवातीला कुरकुरतो. पहिल्या तक्त्यात कोण रुग्ण, दुसऱ्यात मुख्य निष्पत्ती, तिसऱ्यात दुष्परिणाम. रकाने आखलेले, आकड्यांच्या जागा कोऱ्या. तक्ता आखायला बसलं की लगेच कळतं की आपण जे गोळा करणार आहोत त्यातली अर्धी माहिती कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि जी बसायला हवी ती केस पेपरवर लिहिलीच जात नाही. आकडेतज्ज्ञाकडे जायचं ते याच वेळी. तिसऱ्या वर्षी मास्टर चार्ट पेन ड्राईव्हवर घेऊन ‘सर, जरा सिग्निफिकंट काढून द्या’ म्हणत येणाऱ्याला मी फार तर शवविच्छेदनाचा अहवाल देऊ शकतो.

ट्रायल्ससाठी कन्सॉर्टची चेकलिस्ट 1996 पासून आहे, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब 2007 पासून. आपल्याकडे या याद्या सबमिशनच्या रात्री उघडतात आणि पान क्रमांक भरायचा म्हणून भरतात. त्या सिनॉप्सिससोबत उघडल्या तर चिठ्ठ्या कोण काढणार, पाकीट कोण जपणार, रुग्ण मधेच सोडून गेला तर त्याला कुठल्या गटात मोजणार, ही भांडणं वेळेवर होतील. पद्धतींचा विभाग तेव्हाच लिहून होतो, आठवत बसावं लागत नाही. आणि लेखक कोण, कुठल्या क्रमाने, हेही तेव्हाच कागदावर. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव नाही, मग ती खुर्ची कितीही मोठी असो. हे शेवटचं करून दाखवणारा विभाग मी अजून फारसा पाहिलेला नाही.

लिहायला बसाल तेव्हा आधी तक्ते, मग त्यातून निघणारे निकाल. चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात आपल्याला काय सापडलं ते सांगावं, जगभरच्या दहा अभ्यासांची जंत्री नको. सारांश सगळ्यात शेवटी लिहावा आणि त्यातला प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडून पाहावा, कारण घाईचा संपादक तेवढंच वाचतो. इंग्रजी साधं, छोट्या वाक्यांचं असलं की भागतं. रिव्ह्यूअरचे शेरे आले तर प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर, काय बदललं आणि कुठल्या पानावर. जिथे शेरा पटला नाही तिथे का नाही ते नम्रपणे पण ठाम लिहावं. बरेचसे बरे पेपर याच टप्प्यावर आळसापायी मरतात, नाकारल्यामुळे नव्हे.

तेव्हा आयोजकांना माझी सूचना एवढीच. कार्यशाळा तिसऱ्या वर्षाच्या शेवटाकडून उचलून पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात आणा. रेसिडेंटबरोबर त्याच्या गाईडलाही बसवा, सहीसाठी नव्हे, दिवसभर. सकाळी प्रत्येकाने आपला प्रश्न एका वाक्यात वाचून दाखवावा आणि बाकीच्यांनी तो फाडावा. दुपारी रिकामे तक्ते. कव्हर लेटरसाठी अर्धा तास ठेवायचाच असेल तर जेवणानंतरचा ठेवा, तेव्हा तसंही कुणी ऐकत नाही.